हिरावाडी ते गंगापूर रोड, शाळेची व्हॅन : ज्याचं गाणं, त्याने अर्थ सांगायचा

दीड वर्ष ही व्हॅन वापरल्यावर लिहितेय, घाई केलेली नाही. माझी दोन मुलं नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या शाळेत जातात. थोरला आठवीत, धाकटी चौथीत. दोघांची सकाळची शाळा. व्हॅन चालवणाऱ्या काकांचं नाव आणि नंबर इथे देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. जागा दहाच आहेत, सगळ्या भरलेल्या आहेत आणि गाडी चालवताना फोन वाजत राहिलेला त्यांना चालत नाही.

आधी कामाचं. व्हॅन सहा चाळीसला हिरावाडीच्या कोपऱ्यावर येते. सहा बेचाळीसला निघते, मूल असो वा नसो. पुढे निमाणी, मखमलाबाद नाका, रामवाडीचा पूल, अशोकस्तंभ आणि मग गंगापूर रोड. दोन मुलांचे महिन्याला साडेतीन हजार. मे महिन्याचे अर्धे घेतात. खिडक्यांना गज आहेत, आग विझवायचं नळकांडं आहे, औषधांची पेटी आहे, आणि पेटीत खरोखर औषधं आहेत. हे मी उघडून पाहिलंय. पावसाळ्यात गोदेला पाणी वाढलं, पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली, की काकांचा मेसेज सकाळी सहाच्या आत येतो : आज दहा मिनिटं आधी या, पुलावर गर्दी होईल. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी ते त्र्यंबकला जातात, त्या दिवशी व्हॅन बंद. हे जूनमध्येच सांगून ठेवतात.

पण लिहायला बसले ती गाण्यांमुळे.

मी घरी गाण्याचे क्लास घेते. विशारद झाल्यानंतरची सतरा वर्षं लहान मुलांना शिकवण्यातच गेली. त्यामुळे एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर दिसते : चालीला बांधलेला शब्द पोराच्या तोंडात बसतो, तो निघत नाही. पाढा विसरतील, कविता विसरतील, गाणं विसरणार नाहीत. अर्थ कळण्याची तर गरजच पडत नाही. सहा वर्षांची मुलगी विरहाची बंदिश सुरात म्हणून दाखवते आणि तिला विरह म्हणजे काय ते माहीत नसतं. सूर शिकवताना आपण याचाच फायदा घेतो. मग तेच गाणं शाळेच्या व्हॅनमध्ये, जाऊन-येऊन रोज सव्वा तास, वर्षातले दोनशे दिवस कानावर पडलं तर काय होईल?

काय होतं ते मी आधीच्या व्हॅनमध्ये पाहिलं. ती कुणाची होती ते सांगत नाही. चालवणारा मुलगा तरुण होता, गाडी नीट चालवायचा, वेळेवर यायचा. गाणी मात्र त्याच्या आवडीची, त्याला हव्या तेवढ्या मोठ्या आवाजात. दारूची, बंदुकीची, मोठ्या गाडीची, आणि मुलीला कधी बाटली, कधी फटाका, कधी माल म्हणणारी. मी दोनदा सांगितलं. त्याने दोन दिवस बंद ठेवली, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. कोजागिरीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर धाकटीने त्यातल्या एका गाण्यावर नाच केला. सगळे हावभाव बरोब्बर. तेव्हा ती सात वर्षांची होती. खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मोबाइल काढला, बाकीचे हसले, टाळ्या वाजल्या. ती धावत माझ्याकडे आली, घामेजलेली, खूश. म्हणाली, “आई, सगळ्यांना आवडलं!” मी दुधाचा पेला तिच्या हातात दिला. बोलायला काही सुचलंच नाही.

तरी धाकटीचं एक वेळ ठीक, तिला कळत नव्हतं. थोरल्याचं मला जास्त लागलं. तो सातवीत होता. मित्राशी फोनवर बोलत होता, स्पीकर चालू. वर्गातल्या एका मुलीने त्या मित्राला सांगितलं होतं की तू मला रोज रिक्षापर्यंत सोडायला येऊ नकोस. तर माझा मुलगा त्याला म्हणतो, “अरे, पोरी आधी नाहीच म्हणतात. तू जात राहा.” मी भांडी घासत होते. नळ बंद केला. फोन झाल्यावर विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तो गोंधळला. रागावला नाही, खरंच आठवायला लागला. मग म्हणाला, “कुणी नाही. गाण्यांत असंच असतं ना सगळ्या.”

मी बोलायला लागले. नाही म्हणजे नाही, कुणाच्या मागे मागे जाणं ही प्रीती नव्हे, असं बरंच. तो ऐकत होता. मग अगदी शांतपणे म्हणाला, “पण तुझ्या गवळणीत पण तो वाट अडवतोच की. ती हात सोड म्हणते आणि तो सोडत नाही. ते तर तू शिकवतेस.”

दोन दिवस माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचवटीत वाढलेय मी, गवळणी आजीच्या मांडीवर ऐकल्या. वाट अडवणं, मनगट धरणं, माठ फोडणं हे सगळं मी शंभरदा गायलंय, शंभर मुलांकडून बसवून घेतलंय, आणि त्या शब्दांकडे एकदाही मुलाच्या कानांनी पाहिलं नव्हतं. देवाचं आहे, जीव-शिवाचं आहे, हे मोठ्यांना माहीत. तेरा वर्षांच्या पोराला ते कुणी सांगितलं? मी तर नव्हतं सांगितलं. मी फक्त “कोमल निषाद खाली जातोय, वर घे” एवढंच सांगत होते.

त्या महिन्यात मी मिळेल ते वाचलं. या काळजीने झोप उडालेली मी पहिली आई नाही, एवढं तरी कळलं. अमेरिकेत १९८५ साली काही बायका एकत्र आल्या. तेव्हाचे सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर त्यांत होत्या. लेकीसाठी आणलेल्या रेकॉर्डमधलं गाणं ऐकून त्या हादरल्या होत्या. प्रकरण तिथल्या सिनेटपुढे गेलं आणि त्यातूनच रेकॉर्डवर पालकांना इशारा देणारी चिठ्ठी आली. आज फोनमधल्या गाण्यांच्या ॲपमध्ये काही गाण्यांपुढे छोटा ‘ई’ दिसतो, तो त्याच चिठ्ठीचा वंशज. मी तो गाळणारा पर्याय चालू करून पाहिला. शिव्या असलेली काही इंग्रजी गाणी गेली. पोरगी नाही म्हणते म्हणजे होच म्हणते, असं सांगणारं गाणं मात्र तसंच वाजत राहिलं, कारण त्यात शिवी एकही नाही.

बंदीचंही वाचलं. २०१९ च्या जुलैत पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने पोलिसांना आदेश दिला की दारू, अमली पदार्थ आणि हिंसेचा उदोउदो करणारी गाणी जाहीर कार्यक्रमांतही वाजू देऊ नका. कोर्टाची तळमळ मला पटते. पण त्याच धाटणीची गाणी हिरावाडीच्या व्हॅनमध्ये सकाळी पावणेसातला वाजत होती. आणि बंदीने काय होतं हे आपल्याकडे एकदा होऊन गेलंय. १९५२ नंतर केसकर माहिती-नभोवाणी खात्याचे मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गेली. लोकांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. माझ्या आईने हे सांगितलं होतं. तिच्या वडिलांना सिनेमाची गाणी आवडायची नाहीत, आणि सिलोन लागायचं शेजारच्या घरात, भिंतीला कान लावून ऐकण्याइतकं.

सगळ्यांत उपयोगाचं वाटलं ते २००६ साली ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात आलेलं एक संशोधन. १२ ते १७ वयाच्या १,४६१ अमेरिकन मुलामुलींना त्यांनी काही वर्षं पुन:पुन्हा विचारलं : काय ऐकता, कसं वागता. शरीरसंबंधांचं बोलणाऱ्या गाण्यांतही त्यांनी दोन भाग केले. एका भागात बाईला वस्तू आणि पुरुषाला हपापलेला दाखवणारी गाणी, दुसऱ्या भागात तसं न दाखवणारी. पहिल्या प्रकारची गाणी जास्त ऐकणारी मुलं त्या वाटेला लवकर लागलेली दिसली. दुसऱ्या प्रकाराचा तसा संबंध दिसला नाही. आता गाण्यामुळेच झालं असं यावरून छातीठोक म्हणता येणार नाही, ज्याला जे हवं ते तो ऐकतोही. पण हा फरक माझ्या मनात पक्का बसला. अडचण शृंगाराची नाहीच. मी लावणी शिकवते. वावीचा शाहीर परशराम, आपल्या सिन्नर तालुक्यातला, शिंपीकाम करता करता लावण्या रचायचा. लावणीत बाई बोलते, मागते, रुसते, समोरच्याला ठणकावते. ती माणूस असते. बाटली नसते.

आमच्या क्षेत्रात याचा दुसराही एक उपाय होऊन गेला. तोही नाशिकशी जोडलेलाच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे नाशिकला रामनाम आधार आश्रम उभारून ते इथे राहिले. घरंदाज बायका-मुलींना गाणं शिकता यावं म्हणून त्यांनी बंदिशींतले उत्तान शब्द काढून भक्तीचे घातले. माझ्यासारखी बाई आज क्लास चालवते, ती त्यांच्यामुळे, हे मी रोज मानते. पण मी शब्द कुठवर बदलणार? माझ्या क्लासमध्ये बदलेन. व्हॅनमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, मिरवणुकीत कोण बदलणार?

अशा अवस्थेत मी व्हॅन बदलली आणि हे काका भेटले.

दिंडोरीकडचे आहेत. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. पहिल्याच दिवशी मी भीत भीत गाण्यांचं विचारलं. ते म्हणाले, “वाजतात ना ताई. पोरांशिवाय गाणं आणि गाण्याशिवाय पोरं, दोन्ही व्हॅनमध्ये बसत नाहीत.” माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी नियम सांगितला. जाताना दोन गाणी, येताना तीन. रोज दोन मुलांची पाळी. गाणं कुठलंही निवडा, काका नाही म्हणणार नाहीत. फक्त ज्याचं गाणं, त्याने ते वाजायच्या आधी सगळ्यांना अर्थ सांगायचा, आपल्या भाषेत, व्हॅनमधल्या सगळ्यांत लहान मुलाला कळेल असा. लहान मुलाला प्रश्न विचारायचा हक्क. सांगता आलं की गाणं वाजणार.

हे कुठून सुचलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, “कीर्तनात अभंग नुसता म्हणून चालतं का? निरूपण नको?”

मला वाटलं, बोलायला छान आहे, होत काही नसेल. मग ऑगस्टमध्ये माझी गाडी गॅरेजला होती. मला अशोकस्तंभाला काम होतं, काकांनी पुढच्या सीटवर जागा दिली. पाळी होती नववीतल्या एका मुलाची. उंच, नुकती मिसरूड फुटलेली, आवाज फुटत असलेला. त्याने जे गाणं निवडलं त्यात एक माणूस सांगतो की माझ्याकडे काळी गाडी आहे, बंदूक आहे आणि माझ्या वाटेला कुणी येऊ नये. सगळ्यांत लहान म्हणजे पहिलीतली एक मुलगी, दोन वेण्या, डबा मांडीवर घट्ट धरलेला.

तो म्हणाला, “यात एक जण म्हणतो की माझ्याकडे बंदूक आहे.”

ती म्हणाली, “पोलिस आहे?”

“नाही. साधाच आहे.”

“मग कशाला?”

“दुश्मनांसाठी.”

“कोण दुश्मन?”

तो थांबला. रामवाडीच्या पुलावर सिग्नलपर्यंत रांग लागली होती, व्हॅन उभी होती. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, मग म्हणाला, “ते गाण्यात सांगितलं नाहीये.”

“मग त्याला भीती वाटते का सारखी?”

कुणी हसलं नाही. मुलाने जरा विचार केला आणि म्हणाला, “असेल. वाटत असेल.” काकांनी आरशातून पाहिलं आणि गाणं लावलं. ते पूर्ण वाजलं. ठेका खरंच चांगला होता, मीसुद्धा बोटांनी धरला. मुलगाही गात होता. पण मी त्याच्याकडे पाहत होते. बंदुकीची ओळ आली तेव्हा तो गायचा थांबला आणि पुढच्या ओळीला परत आला.

दर वेळी असं होत नाही. पुष्कळ मुलं अर्थ गुळमुळीत करून सांगतात. “यात ते दोघं नाचतात” एवढ्यावर भागवतात. काही जण मुद्दाम इंग्रजी किंवा कोरियन गाणं आणतात आणि अर्थ मनाने ठोकून देतात. थोरल्याने एकदा हे केलं आणि घरी येऊन मला फुशारकीने सांगितलं. पण बाटली आणि माल म्हणणारी गाणी हळूहळू येईनाशी झाली. कुणी बंद केली नाहीत. पहिलीतल्या मुलीकडे तोंड करून “यात मुलीला बाटली म्हटलंय” असं म्हणायची पाळी कुणालाच नको असते. मोठ्या मुलींनी तर दोनदा सरळ विचारलं : मला म्हणशील का असं? धाकटीने हे घरी सांगितलं तेव्हा ती ताठ बसली होती, जणू तिनेच विचारलं.

काकाही नियमातून सुटलेले नाहीत, याचं मला फार कौतुक. सुरुवातीला दर गुरुवारी ते स्वतःच्या आवडीचा अभंग अर्थ न सांगता लावायचे. मुलांनी हरकत घेतली. त्यांनी मान्य केलं आणि सांगायला लागले. एका शब्दावर अडले. पहिलीतली मुलगी सोडेना. काका म्हणाले, “उद्या सांगतो, बुवांना विचारून येतो.” दुसऱ्या दिवशी सांगितलाही. माझ्या थोरल्यावर माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा याचा जास्त परिणाम झाला. मोठ्या माणसाला गात असलेल्या शब्दाचा अर्थ माहीत नसू शकतो आणि तो विचारून येऊ शकतो, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं.

मी हा नियम क्लासमध्ये उचलला. आता आधी अर्थ, मग सूर. वेळ जातो. दोन पालकांनी तक्रारही केली की परीक्षेचे राग मागे पडतात. पडू देत. थोरल्याला मी शेवटी गवळणीचं जमेल तसं सांगितलं : ती गौळण गप्प बसत नाही. यशोदेच्या दारात जाऊन सगळ्यांदेखत गाऱ्हाणं सांगते, आणि गाणं तिच्या तोंडचं आहे, त्याच्या नाही. तो म्हणाला, “पण यशोदा ऐकते कुठे?” बरोबर आहे त्याचं. यावर आमचं अजून चालू आहे. त्या मित्राला मात्र त्याने नंतर सांगितलं, की जाऊ नकोस आता रिक्षापर्यंत. हे मला त्या मित्राच्या आईकडून कळलं.

आता उणं काय ते. मागचा डावा स्पीकर अगदी लहान मुलांच्या कानाशी आहे आणि आवाज जास्त असतो. काकांना तीनदा सांगितलं, दर वेळी कमी करतात, पुन्हा वाढतो. मदतनीस बाई हवी, विशेषतः चढता-उतरताना. तिचा पगार परवडत नाही म्हणतात. आम्ही सगळ्या घरांनी मिळून महिन्याला थोडे जास्त द्यायची तयारी दाखवलीय, जूनपर्यंत ठरेल. मधल्या सीटचं रेक्झिन फाटलंय, त्यातला स्पंज मुलं उपटतात. येताना अशोकस्तंभाला रोज दहा-पंधरा मिनिटं अडकते, एकपर्यंत घरी पोचतील असं धरून चालू नका. पाचपैकी चार देईन. स्पीकर आणि मदतनीस सुधारले तर पाच.

दहावीतली एक मुलगी या वर्षी जाणार आहे, म्हणजे जूनमध्ये एक जागा रिकामी होईल. ज्यांना हवी त्यांनी सकाळी सहा चाळीसला हिरावाडीच्या कोपऱ्यावर प्रत्यक्ष येऊन विचारावं. फोनपेक्षा तेच बरं. मुलालाही सोबत आणा, काका आधी त्याच्याशी बोलतात.

धाकटीची पाळी या गुरुवारी आहे. तिने गवळण निवडलीय. काल रात्री वही घेऊन माझ्याजवळ बसली होती. वाट अडवतो याचा अर्थ त्या पहिलीतल्या मुलीला काय सांगायचा, ते तिला लिहून घ्यायचंय. पहिलं वाक्य लिहून झालंय : “तिला पाणी आणायला जायचं असतं.”